काटा फिरण्याआधीच निकाल लागलेला असतो



काट्याशी आपले जुने वैर आहे. कापूस मोंढ्यात नेला की आपली नजर आधी काट्यावर जाते, भावावर नंतर. भरलेली गाडी मोजून घ्यायची, रिकामी मोजून घ्यायची, माणूस काट्याजवळ उभा ठेवायचा, हे आपल्याला बापजाद्यांनी शिकवले. काटा मारणे म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्याच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

पण गेल्या काही वर्षांत आपल्या घरात दुसराच एक काटा शिरला आहे. तो मोबाईलच्या पडद्यावर फिरतो. रंगीत चक्र, त्यावर दहा-बारा घरे, वर एक काटा. बोट लावले की चक्र गरगर फिरते, टकटक आवाज येतो, हळूहळू मंद होते आणि काटा एका घरावर थांबतो. मोंढ्यातल्या काट्यावर भरवसा न ठेवणारा शेतकऱ्याचा पोरगा या काट्यावर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवतो. का? कारण तो त्याला 'डोळ्यांसमोर' फिरताना दिसतो.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. पुतण्याचे नाव सांगत नाही, त्याला पुढे आयुष्य काढायचे आहे. सेनगाव तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन. २०२४ च्या दिवाळीनंतर त्याने पहिल्या दोन वेच्यांचा अकरा क्विंटल कापूस विकला. सत्त्याहत्तर हजारांची पट्टी झाली. त्यातून दुकानाची खत-औषधांची उधारी द्यायची होती, रब्बीच्या ज्वारीची सोय करायची होती, बहिणीची बोळवण करायची होती. नऊ रात्रींत खाते कोरडे झाले. पहिल्या रात्री बाराशे रुपये जिंकला होता, तेवढेच. घरात कळले तेव्हा तो गोठ्यात जाऊन बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. रागावलो नाही, कारण रागावण्याची वेळ निघून गेली होती.

तो म्हणाला, "काका, किती तरी वेळा काटा लाखाच्या घराच्या कडेला येऊन थांबला. बोटभर हुकलं बघा."

मी विचारले, "काटा थांबवला कोणी?"

"कोण थांबवणार? फिरवलं की आपोआप मंद होतं अन् थांबतं."

"बैलगाडीचं चाक चढाला थांबतं तसं?"

"तसंच की."

भावांनो, सगळी मेख या 'तसंच की'मध्ये आहे. हा लेख तेवढ्या दोन शब्दांसाठी लिहितो आहे. कारण ते तसे नसते. बैलगाडीचे चाक कुठे थांबेल हे चाक थांबल्यावर कळते. मोबाईलवरचे चक्र कुठे थांबणार हे ते हलायच्या आधीच ठरलेले असते.

पडद्यामागे काय घडते

तुम्ही बोट लावता त्या क्षणी दूरच्या एका संगणकात एक आकडा निघतो. त्यासाठी एक गणिती कार्यक्रम असतो, तो सेकंदाच्या बारक्या हिश्श्यात आकडा काढून देतो. समजा सात आला. झाले! खेळ संपला. तुम्ही हरलात की जिंकलात, किती, हे खात्यात लिहूनसुद्धा झाले. त्यानंतर जे दिसते ते निकालाचे चित्र असते. जत्रेतल्या तंबूत सिनेमा दाखवतात, त्यातल्या नायकाचे काय होणार हे रिळात आधीच असते ना? तसेच.

चित्र कसे काढतात तेही समजून घ्या, म्हणजे डोळ्यांवरची झापड उडेल. चक्रावर बारा घरे आहेत, म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला तीस अंश. सातवे घर १८० अंशांवर सुरू होते आणि २१० वर संपते. त्याच्या शेजारचे आठवे घर लाख रुपयांचे. निकाल सात आला आहे. आता चित्र काढणाऱ्या कार्यक्रमाला हुकूम मिळतो की पाच पूर्ण फेरे घे, म्हणजे १८०० अंश, आणि वर २०८ अंश जाऊन थांब. सुरुवातीला वेग जास्त ठेव, शेवटी हळूहळू कमी कर, प्रत्येक घर ओलांडताना 'टक्' आवाज काढ. एकूण २००८ अंशांचा प्रवास पहिल्या अंशाच्या आधीच मोजलेला आहे.

आणि २०८ च का? १९५ वर थांबले असते तरी घर सातवेच होते, पैसे तेवढेच गेले असते. पण २०८ वर थांबवले की लाखाचे घर दोन अंशांवर दिसते. माणसाला वाटते, थोडक्यात हुकले! पुढच्या वेळी नक्की! चक्राला कुठे चढ नव्हता, आसाला वंगण नव्हते, हवेचा अडसर नव्हता. 'थोडक्यात' हा शब्द तिथे लागूच पडत नाही. निकालाच्या आकड्यात सात आणि आठ हे शेजारी नसतात, फक्त चित्रात असतात.

फाशांचे तर त्याहून गमतीचे आहे. पडद्यावर फासा हवेत उडतो, पाटावर आपटतो, गडगडत जातो आणि पाच दाखवून थांबतो. इतका खरा वाटतो की हात पुढे करून उचलावा. हे करण्याची एक सोपी रीत आहे. संगणक आधी कोऱ्या फाशाची उडी, आपटणे, गडगडणे गणिताने करून बघतो आणि शेवटी कोणती बाजू वर आली ते पाहतो. निकाल पाच ठरला आहे ना? मग त्या वर आलेल्या बाजूवर पाच ठिपके रंगवतो, बाकीच्या बाजूंवर उरलेले आकडे बसवतो आणि मग तोच पट तुम्हाला पहिल्यापासून दाखवतो. फासा आधी पडतो, ठिपके नंतर रंगतात! शकुनीमामालाही हे सुचले नसते. गोल फिरणाऱ्या थाळीत चेंडू सोडतात त्या खेळातही तसेच करता येते. चेंडू कुठेही पडू द्यायचा आणि ठरलेला आकडा त्याच्याखाली येईल अशा बेताने आकड्यांचे कडे आधीच सरकवून ठेवायचे.

ही युक्ती आजची नाही. अमेरिकेत नाणे टाकून दांडा ओढायची जुगाराची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघाली. तेव्हा त्यात खरी चाके होती, ती खरोखर फिरत आणि खरोखर थांबत. प्रत्येक चाकावर वीस चित्रे धरली, तर तीन चाकांचे वीस गुणिले वीस गुणिले वीस म्हणजे आठ हजार प्रकार होतात. त्यामुळे मोठे बक्षीस फार मोठे ठेवता येत नव्हते. १९८४ साली इंगे टेलनेस नावाच्या इंजिनिअरने एका युक्तीचे पेटंट घेतले. निकाल संगणकाच्या आकड्याने ठरवायचा आणि चाकांनी तो फक्त दाखवायचा. चाकावर बक्षिसाचे चित्र इतर चित्रांएवढेच दिसते, पण आकड्यांच्या यादीत त्याच्या वाट्याला एकच आकडा आणि हरण्याच्या चित्रांच्या वाट्याला पुष्कळ. दिसते एक, असते दुसरे.

पुढे एका कंपनीने त्यावर कडी केली. यंत्र आधी हार की जीत ते ठरवी. हार असेल तर दुसरा कार्यक्रम 'थोडक्यात हुकले' असे दिसणारी मांडणी निवडून वारंवार दाखवी. जिथे जुगार राजरोस चालतो त्या नेवाडा राज्याच्या जुगार नियंत्रकांनी १९८९ साली ही तऱ्हा अमान्य केली. जुगाराच्या पेठेतल्या लोकांनाही जे फार झाले असे वाटले, ते आज आपल्या पोराच्या खिशातल्या मोबाईलवर आहे. इथे कोण तपासायला बसले आहे?

या आकड्याचा बाप कापूस आहे

आपण कापूसवाल्यांनी एक गोष्ट विसरू नये. महाराष्ट्रातला मटका हा कापसाच्या पोटी जन्मला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत. उघडताना किती आणि बंद होताना किती, यावर मुंबईत पैसे लागत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले आहेत. आज गावच्या पानटपरीवर आकडा लावणाऱ्याला हे ठाऊकही नसेल. १९६१ मध्ये ते आकडे येणे थांबले. मग खोट्या, नसलेल्याच मालाचे भाव जाहीर होऊ लागले. मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढायचा, म्हणून नाव मटका. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा न्यू वरळी मटका. नंतर मडकेही गेले आणि पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा धरायचा. पाच, तीन आणि सहा मिळून चौदा, म्हणजे चौका.

बघा, कसा प्रवास झाला! आधी कापूस होता, त्याला भाव होता, भावावर जुगार होता. मग कापूस गेला, आकडा राहिला. मग मडके गेले, आकडा राहिला. आता पत्ते काढणारा हातसुद्धा गेला, नुसते हाताचे चित्र राहिले. पैसे मात्र प्रत्येक वेळी खरेच होते आणि ते खरेच जातात.

मटक्याचा हिशेब साधा होता. आकडे दहा, लागला तर एकाचे नऊ. म्हणजे शंभर रुपये लावत राहिलात तर सरासरी नव्वद परत, दहा खायवालाचे. ही लूट दिवसातून दोनदा, ओपनला एकदा आणि क्लोजला एकदा. दोन्हीला शंभर-शंभर लावले तर दिवसाला सरासरी वीस रुपये गेले.

आता विमानाच्या खेळाचा हिशेब घ्या. 'एव्हिएटर' नावाचा खेळ २०१९ मध्ये आला आणि त्याच्या नकला सगळीकडे झाल्या. पडद्यावर एक विमान वर चढते, त्याबरोबर आकडा चढतो. सव्वापट, दीडपट, दुप्पट. विमान केव्हाही उडून जाते. त्याआधी बाहेर पडलात तर तेवढे पट पैसे, नाही तर सगळे गेले. पोरांना वाटते की विमानाचा अंदाज घेता येतो, बोट चपळ पाहिजे. पण विमान किती पटीला जाणार हे ते धावपट्टी सोडण्याआधीच आकड्याने ठरलेले असते. पडद्यावरचे विमान त्या आकड्यापर्यंत नेऊन सोडायचे, एवढेच चित्राचे काम.

या खेळाचे चालक सांगतात की शंभरातले सत्त्याण्णव रुपये खेळणाऱ्यांना परत जातात. आपण तेही खरे धरू. मग शंभर उड्डाणांपैकी दीडपटीला सुमारे पासष्ट पोहोचतात, दुपटीला सुमारे अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास, दहापटीला नऊ-दहा. कुठल्याही पटीला बाहेर पडा, गुणाकार करून बघा. शंभराचे सरासरी सत्त्याण्णवच येतात. लवकर पडा की उशिरा, बोट चपळ असो की मंद, तीन रुपये घरमालकाचे.

तुम्ही म्हणाल, मटक्यात दहा जात होते, इथे तीनच, म्हणजे हा बरा! इथेच चित्राची करामत आहे. मटक्याला दिवसभर वाट पाहावी लागे. विमान अर्ध्या मिनिटात उडते आणि दुसरे तयार. तासाला एकशेवीस उड्डाणे धरा. दर उड्डाणाला शंभर रुपये लावले तर तासात बारा हजार फिरले आणि तीन टक्क्यांनी तीनशेसाठ रुपये गेले. मटक्याने दिवसात वीस खाल्ले, हा तासात तीनशेसाठ खातो. रात्री चार तास जागणाऱ्या पोराचा हिशेब तुम्हीच करा. आणि हा हिशेब सचोटीच्या खेळाचा आहे!

सचोटीचा खेळ आणि लबाडीचा खेळ

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, नाही तर आपणही अर्धवट बोललो असे होईल. निकाल आधी ठरलेला असणे ही काही आपोआप लबाडी होत नाही. चिठ्ठी आधी काढून मुठीत ठेवली काय किंवा नंतर काढली काय, ती न बघता काढली असेल तर जिंकण्याची शक्यता तीच राहते. काही खेळांत तर निकालाचा मोहोरबंद लखोटा आधी दाखवतात आणि नंतर उघडून पडताळू देतात. आकड्यांची ठसेवजा नोंद असते, ती जाणकाराला तपासता येते.

मग तक्रार कशाची? तक्रार ही, की चिठ्ठी काढून झाल्यावर चिठ्ठी दाखवत नाहीत. चक्र, फासे, विमान दाखवतात. चिठ्ठीपुढे माणूस गप्प बसतो, कारण त्याला ठाऊक असते की चिठ्ठी आपल्या हातात नाही. चक्रापुढे तो पुढे झुकतो. वाटते, आपण जोरात फिरवले म्हणून आले, वेळ साधली म्हणून आले. अमेरिकेतल्या एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ साली छापलेला एक प्रयोग आहे. एक डॉलरची लॉटरीची तिकिटे काही लोकांना स्वतः निवडू दिली, काहींना नुसती हातात दिली. मग तिकीट परत विकता का म्हणून विचारले. हातात दिलेल्यांनी सरासरी १ डॉलर ९६ सेंट मागितले. स्वतः निवडलेल्यांनी ८ डॉलर ६७ सेंट! तिकिटे सारखीच होती. फरक एवढाच, की यांनी 'आपल्या हाताने' निवडले होते. आपला हात लागला की माणूस चौपट भुलतो. खेळ बनवणाऱ्याने बोट लावायला बटण ठेवले आहे ते यासाठी.

आणि लबाडीचे खेळ वेगळेच. तिथे आकडा निघतसुद्धा नाही, मालक ठरवील तो निकाल. पहिले चार दिवस जिंकू द्यायचे, खाते फुगवून दाखवायचे, पैसे काढायला गेले की कुलूप. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ५८ कोटी रुपये ऑनलाइन जुगारात बुडाल्याची तक्रार केली आणि पोलिसांना गोंदियात एका घरातून कोट्यवधींची रोकड आणि सोने सापडले. अठ्ठावन्न कोटी घालवणारा व्यापारी अडाणी नव्हता. त्यालाही पडद्यावरचा काटा खरा वाटला. सचोटीचा खेळ आणि लबाडीचा खेळ यांचे चित्र एकसारखेच सुंदर असते. चित्र पाहून ओळखायची सोय नाही, हे कायम ध्यानात ठेवा.

सरकारचा काटा

सरकारचे काय? जुगार बंदीचा कायदा १८८७ चा. तो अजून आहे आणि पोलिसांची धाड पडते ती लिंबाखाली तिर्रट खेळणाऱ्या चार म्हाताऱ्यांवर. दुसरीकडे राज्याने १९६९ पासून स्वतःची लॉटरी चालवली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशाच्या खेळांवर २८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे पोरांच्या पैशात सरकारही वाटेकरी झाले. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत कृषिमंत्र्यांच्या हातातल्या मोबाईलवर रमीचा डाव दिसला. मंत्री म्हणाले, आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला डाव बंद करत होतो. खरे-खोटे तेच जाणोत. महिनाअखेर त्यांच्याकडचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते आले! शेतीतून खेळाकडे बदली, यात कोणाला शिक्षा झाली ते मला अजून कळलेले नाही.

मग ऑगस्ट २०२५ आला. तो आठवडा कापूसवाल्यांनी पाठ करून ठेवावा. १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. म्हणजे आपली बोंडे फुटून बाजारात यायच्या आधीच भावाचा काटा सरकवून ठेवला. त्याच आठवड्यात, २० आणि २१ ऑगस्टला, संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या देशी कंपन्यांनी लगोलग पैशाचे डाव बंद केले.

कायदा आला, चांगले झाले. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरले नाही, हे तर फारच चांगले झाले. पण मटका १८८७ च्या कायद्याखालीच वाढला, हे विसरू नका. परदेशातून चालणारा खेळ एक दार बंद झाले की दुसऱ्या नावाने दुसऱ्या दारात उभा राहतो. कागदावरच्या बंदीने पोरगा वाचत नाही. काट्याचे खरे रूप कळले तर वाचतो.

'शेतीच जुगार आहे'

गावात हे बोलायला लागले की कोणीतरी हमखास म्हणतो, "अहो, आपली शेतीच जुगार आहे. मृगात पेरा, पाऊस दडी मारतो. बोंडे फुटली की परतीचा पाऊस झोडपतो. त्यापेक्षा मोबाईल बरा, निकाल लगेच!"

या बोलण्यात दुःख आहे, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये. पण ते खरे नाही. पाऊस पडेल की नाही हे आपल्याला ठाऊक नसते, पण ढगांत कोणी घरमालक बसून दर थेंबामागे तीन टक्के कापून घेत नाही. आणि आपण हात लावला की शेतीचा निकाल खरोखर बदलतो. वेळेवर डवरा फिरवला की ओल टिकते. कापसात तुरीची ओळ घातली की एक गेले तर दुसरे हाती लागते. ज्वारीला माणसासाठी दाणा आणि बैलासाठी कडबा असतो, भाव पडला तरी दावणीला खायला मिळते. कसबी हाताला कोरडवाहू रानसुद्धा थोडेफार ओळखते. पडद्यावरचे चक्र कोणालाच ओळखत नाही.

शेतीत जे खरेच जुगारासारखे आहे ते निसर्गाचे नाही, माणसाने केलेले आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर होतो आणि हंगामाच्या तोंडावर आयातीचे दार उघडले जाते. मोंढ्यात लिलावाची बोली रंगते, हात वर होतात, आरडाओरडा होतो. तेव्हा मनात येते, हेही निकाल लागल्यानंतरचे चित्र तर नव्हे? हा प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे आणि तो आपण सभेत विचारणारच. पण भावात मार बसला म्हणून चक्राकडे जाणे, म्हणजे एका काट्याने मारले म्हणून दुसऱ्या काट्यापुढे मान ठेवणे.

पोरगा हावरा म्हणून खेळत नाही. माझा पुतण्या हावरा नव्हता. सत्त्याहत्तर हजारांत देणी भागणार नव्हती, देणी लाखाची होती. लाखाचे घर त्याने चक्रावर पाहिले ते त्यामुळे. ज्याची शेती फिटते तो रात्री दोन वाजता चक्र फिरवत बसत नाही.

सभेत एवढे करू

येत्या तालुका सभांत प्रत्येक गावाने दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. भाषण नको. एक मडके घ्या, बारा चिठ्ठ्या टाका. एका माणसाने सर्वांसमोर एक चिठ्ठी काढून न उघडता दगडाखाली ठेवावी. मग एका पोराला लिंबाच्या झाडाभोवती पळायला लावा. लोकांनी ओरडावे, थांब, आता थांब! तो कुठेही थांबो. मग दगडाखालची चिठ्ठी उघडा. आपल्या ओरडण्याने चिठ्ठीवरचा आकडा बदलला का, एवढेच विचारा. पोरांना एकदा हे दिसले की चक्राची जादू निम्मी उतरते. पुतण्याला मी हेच गोठ्यात ज्वारीच्या दाण्यांवर करून दाखवले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे काका, हुकलं असं काही नव्हतंच." त्या रात्री तो घरात येऊन जेवला.

दुसरे, ज्याच्या घरात हे शिरले असेल त्याने खात्याचा उतारा काढून गेलेल्या पैशांची बेरीज कागदावर मांडावी. जिंकलेले सगळ्यांना आठवते, गेलेले कागदच सांगतो. गेलेले परत मिळवायला सावकाराकडून एक रुपयाही काढू नये. चक्राला मागचे काही आठवत नसते, ते तुमचे देणे लागत नाही. लबाडीने पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर सायबर पोलिसांकडे तक्रार करावी. मन खचले असेल, नको ते विचार येत असतील तर १४४१६ वर फोन करावा, बोलायला माणूस मिळतो.

तिसरे, मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. घरातला कर्ता माणूस रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन जागतो, पट्टीचे पैसे किती आले ते सांगत नाही, विचारले की चिडतो, तेव्हा गप्प बसू नका. कापूस तुमच्या बोटांनी वेचलेला आहे. त्याचा हिशेब मागणे हा तुमचा हक्क आहे. पण पोराला चारचौघांत नागडे करू नका. लाज वाटलेला माणूस पुन्हा चक्राकडेच जातो, नाही तर त्याहून वाईट वाटेला.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे, चौतिसावे. बायको दुरावलेला, आई झुरणारा, कर्जात बुडून रात्री दुसऱ्यांच्या दारी फिरणारा जुगारी त्यात आपली कहाणी सांगतो. शेवटी त्याला उपदेश मिळतो तो असा, की फासे सोड आणि आपले शेत कस. तीनएक हजार वर्षांपूर्वीही जुगाऱ्याला शेतच दाखवावे लागले होते. तेव्हा फासे निदान खरे होते, हातातून सुटून जमिनीवर पडत होते. आपल्या पोरांपुढे तर फाशांचे नुसते चित्र आहे.

मोंढ्यातल्या काट्याजवळ माणूस उभा ठेवायला आपण शिकलो. आता घरातल्या काट्याजवळही माणूस उभा करायला शिकू.